धुतलेला कापूस

भाव नाही म्हणून बीटीचा कापूस घरात छतापर्यंत साचला होता, त्या वर्षी इंजिनाचं डिझेल आमच्या विहिरीत सांडलं. इंजिन दुरुस्त करायला देऊळघाटचे मिस्त्रीचाचा आले. तवंग पाहून म्हणाले, "कापूस आन."

रसायनशास्त्राची पदवी घेतलेला मी औषधाच्या दुकानातला धुतलेला, पांढराशुभ्र कापूस घेऊन आलो. तो पाणी पिऊन बुडाला.

"घरात ढीग असून इकत काऊन आनला बे?" चाचा खेकसले. त्यांनी घरचा कापूस जुन्या लुगड्यात बांधून तवंगावर फिरवला. तो तरंगत राहिला अन् डिझेल तेवढं पीत गेला.

आज मी कॉलेजात तेल-पाणी वेगळं करणारा पॉलिमरचा पडदा शिकवतो. त्याआधी चाचांचं त्या दिवशीचं वाक्य सांगतो, "कच्चा कापूस तेल वळखते. धुतला की अक्कल इसरते."

ते कापसाबद्दलच बोलत होते, अशी मी समजूत करून घेतली आहे.