सात पोरांचा बाप, माझा भाऊ

माझा थोरला भाऊ पेद्रू मला शेवटचा दिसला तो कुडाळच्या आठवडा बाजारात. सुक्या मासळीच्या रांगेपलीकडे त्याची जुनी, लांबुडकी जीप उभी होती आणि खिडक्यांतून पोरांची डोकी बाहेर आली होती, नेहमीसारखीच. आमचं बोलणं बंद होऊन तोवर काही वर्षं उलटली होती. त्यानं मला पाहिलं, मीही त्याला पाहिलं. त्याचा पाचवा, आग्नेल, मला ओळखून हात हलवायला लागला. मी हात वर केला. पेद्रू समोरच्या काचेतून बघत राहिला. पण पोराचा हात खाली येईपर्यंत त्यानं गाडी सुरू केली नाही... एवढंच. पाऊस सरता सरता भावजयीचा, फिलूचा, फोन आला. "लुर्दीन, पेद्रू गेलो गो." तारकर्लीला कुणाच्या तरी होडीचं इंजिन दुरुस्त करता करता तो वाळूत बसला आणि आडवा झाला. डॉक्टरपर्यंत पोचलाच नाही.

मातीच्या दिवशी आमच्या गावचं चर्च भरून रस्त्यावर माणसं उभी होती. मिस्साची प्रार्थना संपल्यावर आमचे दोन भाऊ बोलले, एक वसईहून आलेला, एक आखातातून. आजच्या काळात सात पोरं आनंदानं वाढवणारा बाप, खरा ख्रिस्ती माणूस, एका पोरालाही घाबरणाऱ्या जगाला त्यानं धडा दिला, असं बरंच काही. लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. हे लिहायला बसले आहे ते त्या भाषणांमुळेच. गेलेल्या माणसाविषयी गोडच बोलायचं ठरलेलं असतं, पण मग जी बाई मागे राहिली तिच्याविषयी कुणी बोलायचं?

आम्ही आठ भावंडं. मालवणजवळच्या आमच्या गावात तेव्हा त्याचं कुणाला नवल नव्हतं, शेजारीही तेवढेच असायचे. मग एकेक जण मुंबई, वसई, आखात करत पांगला. मी शिक्षिका होऊन कुडाळला गेले. घरात आई आणि पेद्रू दोघंच उरली. त्या दिवसांबद्दल तो म्हणायचा, "घरात चमचो पडलो तरी माका दचकाक होता गो." ते मला समजत होतं. पुढे त्याचं लग्न झालं, पाळणा हलायला लागला आणि थांबेचना. लोक म्हणत, कट्टर कॅथलिक. कसला कट्टर! रविवारच्या मिस्साला तो अर्धा वेळ बाहेर माडाखाली होड्यांच्या गप्पा मारत उभा असायचा. त्याला घर भरलेलं हवं होतं. ते कुणाच्या अंगातून भरतंय, हे त्यानं कधी पाहिलं नाही.

आम्ही नवराबायकोनं कुडाळला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा घराला आशीर्वाद द्यायला फादर आले होते आणि पेद्रू आपली तेव्हाची पाच पोरं घेऊन आला होता. पोरं लिफ्टमधून वरखाली करू लागली. शेजारच्या वहिनी दार किलकिलं करून बघत होत्या. मला म्हणाल्या, "अगंबाई, ही सगळी एकाच बाईची? तुमच्यात चालतंच म्हणा असं." बोलताना हसत होत्या. मीही दात दाखवले, दुसरं काय करणार? आमच्यात! माझी एकुलती एक मुलगी माझा पदर धरून उभी होती, ती त्यांना दिसली नाही. त्या बाईचा मला आजही राग येतो. आणि त्याच वेळी पेद्रू दोन्ही खोल्या फिरून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "लुर्दीन, हयसर माणसां रवतत की कपाटां?" त्याचाही येतो.

त्याच्या घरी मजा होती, ते मी नाकारणार नाही. एका मे महिन्यात मला प्रशिक्षणाला जावं लागलं, तेव्हा माझी शेरॉन तिकडे राहिली. खाडीत पोहायला त्यानंच तिला शिकवलं. रांगेत अंथरलेल्या गोधड्यांवर पोरं झोपायची आणि तो मधे बसून असल्यानसल्या गोष्टी सांगायचा. परत आल्यावर शेरॉन जेवताना ताटात बोट फिरवत म्हणाली, "मम्मी, आपल्याकडे भांडायला कुणीच नाही का?" मी तिला गप्प जेवायला सांगितलं. पण त्या घरात मला आणखीही काही दिसत होतं. पेद्रू गोष्टी सांगत असायचा तेव्हा फिलू मागच्या पडवीत दगडावर कपडे आपटत असायची आणि थोरली क्लारा, स्वतः अजून शाळेत जाणारी, काखेत एक मूल घेऊन दुसऱ्याचं नाक पुसत असायची.

सहाव्याच्या वेळी फिलूला रक्त जायला लागलं ते थांबेना. त्याच जीपमध्ये आडवी घालून तिला कुडाळच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन स्पष्ट म्हणाल्या, "या वेळी वाचल्या. पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल." पेद्रूनं मान हलवली. मी त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"ऐकलंस मां?"

"ऐकलंय. पण देव देता तेका नाय कसा म्हणाचा?"

"देव देणा नाय रे, तू देतंस. आणि रगात जाता ता तिचा."

तो रागानं लाल झाला आणि निघून गेला. मी थांबले नाही, गावच्या फादरांकडे गेले. म्हातारा शहाणा माणूस होता. त्यांनी पेद्रूला बोलावून सांगितलं, की आईचा जीवही देवानंच दिलेला आहे आणि संयम हाही धर्मच आहे. बाहेर येऊन पेद्रू म्हणाला, "फादराक पोरां नाय, तेका काय कळता?" म्हणजे देवाचं नाव त्याच्या सोयीपुरतं होतं. पुढच्याच वर्षी टिना झाली. फिलू जगली हे तिचं नशीब. क्लाराला कणकवलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. टिना झाली आणि तिचं जाणं राहिलं ते राहिलंच. चर्चमधल्या भाषणांत हे कुठे आलं नाही.

टिना रांगायला लागली तेव्हाची गोष्ट. एका सकाळी दारात फिलू उभी. कडेवर टिना, हातात कापडी पिशवी. एस.टी.नं एकटी आली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती माझ्याकडे एकटी अशी कधीच आली नव्हती. स्वयंपाकघरात पाटावर बसली, पाणी प्यायली आणि खाली बघत म्हणाली, "लुर्दीन, माका आता बंद करूचा आसा. तू येतलंस माझ्यावांगडा?"

"पेद्रूक सांगलंस?"

"तेका सांगलंय तर होवचा नाय."

मी शाळेत रजा कळवली आणि तिच्याबरोबर गेले. ऑपरेशन झालं. गुंगीतून बाहेर येताना ती काहीबाही पुटपुटत होती, पोरांची नावं घेत होती, पण चेहरा इतका सैल मी कधी पाहिला नव्हता. मग पेद्रू आला. माझ्या जिन्यावर उभा राहून ओरडला, "माझ्या घरात हात घातलंस तू!" मी म्हटलं, "माका तुझ्या बायलेन बोलावलेला." एकेक दार उघडायला लागलं. शेजारच्या वहिनी तर चक्क बाहेर येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा त्यानं ते वाक्य टाकलं. "तुझा चेडू एकट्यान जेवता! तुका काय ठाव, घर म्हणजे काय ता?" शेरॉन माझ्या मागेच उभी होती. मी दार लावून घेतलं. ते त्याच्यासाठी पुन्हा उघडलं नाही, त्यानंही वाजवलं नाही. केल्याचा मला तेव्हा पश्चात्ताप नव्हता, आज पेद्रू नाही तरीही नाही.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी सगळी भावंडं सोप्यावर बसली. आता या सातांचं काय? ज्यांनी चर्चमध्ये भाषणं केली तेच आधी बोलले. वसईचा म्हणाला, "आमचं वन बीएचके, माणूस वळला की भिंतीला लागतो." आखातातल्याला व्हिसाची अडचण. एका बहिणीनं धाकटी टिना मागितली, तीसुद्धा "लहान आहे तोवर". कुणी एक, कुणी दोन, अशी बोलणी चालली होती. एवढ्यात क्लारा चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं तो खाली ठेवला आणि म्हणाली, "आमका कोणी वाटून घेव नकात." मी म्हटलं, कॉलेज करायचं असेल तर तू एकटी माझ्याकडे ये, बाकीचे आईजवळच राहतील. ती आईकडे बघायला लागली. फिलू म्हणाली, "जा गो. मी बघतलंय." थोरला मुलगा बापाची हत्यारं घेऊन आता इंजिनं दुरुस्त करतो. येत्या जूनमध्ये क्लारा माझ्याकडे येईल.

पेद्रूच्या महिन्याच्या मिस्साला मी पुन्हा गेले होते. दुपारी पोरं खाडीवर गेली, घर शांत झालं. फिलू पाठ टेकायला आतल्या खोलीत गेली होती, तिला चहा द्यायला मी गेले. फणसाच्या लाकडाचा भलामोठा पलंग. त्याच्या अगदी कडेला, भिंतीशी, गुडघे पोटाशी घेऊन ती एका कुशीवर पडली होती. बाकीचा सगळा पलंग मोकळा.

"पसरान नीज मगे," मी म्हटलं. "आता खंय कोण आसा?"

तिनं न वळताच हात मागे नेऊन मोकळ्या चादरीवरून फिरवला आणि परत छातीशी घेतला.

"करूक जातंय गो... आंग वळणा नाय."

मी चहा खिडकीत ठेवला. बसायला जागा होती, सगळा पलंगच होता. पण मी उभीच राहिले. पेद्रू अजून तिथेच होता, हातपाय पसरून.