पुस्तकात नसलेली चाल

समीना गेल्याचा फोन आला तेव्हा मी फलटणहून कडेगावला तिच्याकडेच निघालो होतो. दीड महिना झाला. तिच्याविषयी हळवं काही लिहिलेलं तिला खपलं नसतं, म्हणून जमेल तसं सरळ लिहितो आहे.

कडेगावात तिचं चष्म्यांचं दुकान. रविवारी शटर अर्धं ओढून काचेच्या काउंटरवर आमचा खेळ चाले. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि पात्राला एखादी गोष्ट जमली की फसली, हे फाशांवर ठरवायचं. नियमांचं जाडजूड पुस्तक असतं. गोष्ट सांगायची समीना. एकदा वाटेत पूल लागला, पुलावर राक्षस. त्याच्याशी लढायचे नियम पुस्तकात पानभर होते. पण नवीनच आलेली, कधी तोंड न उघडणारी वैशाली म्हणाली, "मी त्याला विचारते, घरी कवा गेला होतास?" नियमांचा पक्का प्रशांत उसळलाच. "असं पुस्तकात कुठं हाय?"

"पुस्तकात न्हाई म्हंजे मनाई हाय व्हय रं?" समीना म्हणाली. "पर वैशाली, फुकट न्हाई मिळायचं. हत्यार खाली ठेवून जवळ जावं लागंल. फासा फसला तर त्यो पयला तुलाच धरणार."

वैशालीनं फासा टाकला. राक्षस पुलावर बसून रडला... आणि आम्ही पलीकडे गेलो.

तिच्याकडे काहीही चालायचं, असं मात्र नाही. अंगाशी आल्यावर मी एकदा माझ्या पात्राच्या झोळीतून सुरुंगाची दारू काढली. "कवा ठिवलीस?" तिनं विचारलं. आत्ताच सुचलं, म्हणालो. "ही कल्पना न्हाई गड्या, पळवाट हाय. मर आता." मेलो.

आजार बळावल्यावर गोष्ट सांगणं तिनं माझ्याकडे दिलं आणि स्वतः पहिल्यांदाच पात्र झाली. तिला गडाच्या तटावरून आत उडी मारायची होती. फासा वाईट पडला. तो उलटवायला मी हळूच हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर उरला असेल, असं वाटलं नव्हतं.

"दवाखान्यात समदी कीव करत्यात. हितं न्हाई. पडले तर पडले... आता पडल्या जागी काय करणार, ते विचार मला!"

मोडक्या पायानं, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवून, तिनं गडाचा दरवाजा आतून उघडवला.

गेल्या रविवारी पुन्हा बसलो. दुकान आता तिचा भाऊ बघतो; आम्ही न सांगताच त्यानं काउंटर मोकळा करून दिला. गोष्ट प्रशांत सांगत होता. वैशालीनं काहीतरी भलतंच सुचवलं, तसा तो म्हणाला, "असल्याला समीना न्हाई म्हणायची." गेलेल्या माणसाच्या शब्दाचा नियम करून टाकणं किती सोपं असतं... वैशालीचा आवाज चढला.

"म्हणत आसंल. चुकायची ती. तू माझं ऐक."

मला तिथंच टाळी वाजवावीशी वाटली. प्रशांतनं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "बरं. कसं करणार, सांग."