उत्तरार्ध पसरट आहे

“राग मला ताजा पचत नाही, मी तो शिळा करून खाते,” असं ती एकदा ग्रंथालयाच्या शिपायाला म्हणाली होती. शिपायाने ते हसण्यावारी नेलं आणि त्या दिवसापासून तिचं नाव दाभण पाडलं. पुस्तकं शिवायची ती जाड सुई तिच्या हातात असायचीच. जिभेतही होती, असं वरच्या मजल्यावरचे म्हणत.

तळघरात, जिन्याखालच्या खोलीत, ती एकोणीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत होती. एक टेबल, खळीचं पातेलं, आणि रस्त्याने जाणाऱ्यांचे नुसते पाय दाखवणारी खिडकी. दरवर्षी वर पुस्तकनिवड व्हायची. निवडलेली पुस्तकं शहरातल्या सगळ्या शाखांत जायची. न निवडलेली पोत्यात भरून खाली यायची. त्यांचे पुठ्ठे सोलायचे आणि निवडलेल्यांच्या डागडुजीला वापरायचे, असा रिवाज होता. हरलेल्यांची कातडी जिंकलेल्यांच्या पाठीला. पहिली आठ वर्षं तिने तो निमूट पाळला.

मग एका दुपारी, खळ वाळेपर्यंत हाताला काम नव्हतं म्हणून, तिने नुकतंच सोललेलं एक पुस्तक उचललं. लिफ्ट चालवणाऱ्या माणसाने लिहिलेलं. जन्मभर एकाच पेटीत वर-खाली केलेल्या त्या माणसाला लोकांच्या नुसत्या मानेवरून त्यांच्या घरातली भांडणं कळत होती. पातेल्यातली खळ दगड झाली तरी तिला पत्ता नव्हता. शेवटच्या पानावर प्रकाशकाचं ठिकाण होतं: सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे, पहिला मजला.

सुटीच्या दिवशी ती तिथे गेली. बनियनवरच्या एका म्हाताऱ्याने दार उघडलं.

“पुस्तकं मिळतील?”

“कोणी पाठवलं तुम्हाला?”

“कोणी नाही. विकत हवीयत.”

म्हाताऱ्याने आत तोंड करून बायकोला हाक मारली, “अगं, बाहेर ये. गिऱ्हाईक आलंय. खरंखुरं!”

त्या म्हाताऱ्या काकांनी तिला दुसऱ्या प्रकाशकाचा पत्ता दिला, दुसऱ्याने तिसऱ्याचा. एक शाळामास्तर होता, तो बारा वर्षांत तीनच पुस्तकं काढून बसला होता. दोन मैत्रिणी होत्या, त्यांच्या पलंगाखाली गठ्ठे होते आणि पाहुणे आले की ते गठ्ठेच बसायला देत. दाभण वाचत सुटली. आणि वाचता वाचता तिला आठवू लागलं, आठ वर्षांत आपण किती सोलली. कोणती, ते मात्र आठवेना. खाटकाला उशिरा बकऱ्याचं नाव कळावं तसं झालं. पुठ्ठे ती भंगारातून आणू लागली आणि पोत्यातली पुस्तकं घरी नेऊ लागली.

घरी थोरली बहीण. ताई एकतीस वर्षं रुग्णालयात नर्स होती आणि तितकीच वर्षं वह्या लिहीत होती. दाभणने त्या एक दिवस उचलल्या आणि काकांच्या पुढ्यात टाकल्या. काकांनी पुस्तक काढलं. ताईने ते उशाशी ठेवलं, पण आठवडाभर हात लावला नाही. लाजत होती.

काकांनी ते निवडीला पाठवलं, आणि ते पडलं. परीक्षक एकच, निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत आणि त्यांच्या शब्दावर यादी ठरे. त्यांचा शेरा फलकावर लागला: “पूर्वार्ध बरा. उत्तरार्ध पसरट आहे. लेखिकेने आजारी माणूस जवळून पाहिलेला दिसत नाही.”

ताईने तो उभ्याउभ्या वाचला. घरी येऊन दुसऱ्या पुस्तकाच्या वह्या सुतळीने बांधल्या.

“रद्दीवाला पंधरा तारखेला येतो ना गं?”

“ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“एवढा शिकलेला माणूस म्हणतोय. मग एकतीस वर्षं मी काय आंधळी होते?”

ती रडली असती तर दाभणने चार शब्द बोलून वेळ मारून नेली असती. ताई शांतपणे भाजी निवडायला बसली.

आठवड्याने पोतं खाली आलं. ताईचं पुस्तक तिने आधी बाजूला काढलं आणि चाळायला घेतलं, तर पानं चाळता येईनात. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा फर्मा होतो, आणि कडा कापल्या की पानं सुटी होतात. काकांना तेवढा वेळ मिळाला नव्हता. कापणाऱ्याकडे रांग होती, मुदत संपत आली होती. त्यांनी प्रत तशीच बांधून पाठवली होती आणि आत चिठ्ठी ठेवली होती: पानं जोडलेली आहेत, कृपया सुरीने सोडवून घ्यावीत. पहिला फर्मा सुरीने सोडवलेला होता. पुढचे नऊ जन्मले तसेच मिटलेले. आणि पहिल्या पानावर सरांच्या हातचा शेरा, खाली सही, तारीख.

शिपाई दारात डोकावला. “काय बाई, एकट्याच हसताय?”

“शिळं गरम करतेय.”

ती वर गेली असती तर ग्रंथपालांनी दार लोटून घेतलं असतं, चहा मागवला असता, सर चार गोड शब्द बोलले असते, आणि संपलं असतं. दार लोटून मागितलेली माफी तिला नको होती. चौदा तारखेला वाचकांचा मेळावा होता. त्यात सर निवडीमागची भूमिका सांगत. ताईला तिने “नुसती सोबत चल” म्हणून नेलं.

सर छान बोलले. पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मी मत देत नाही, असंही म्हणाले. मग प्रश्न विचारायला सांगितलं. दाभण ताईचं पुस्तक घेऊन उठली आणि थेट व्यासपीठाशी गेली.

“सर, या पुस्तकाचा उत्तरार्ध पसरट होतो कुठे? एकशे पंधराव्या पानापासून वाचून दाखवाल? आम्हालाही कळेल.”

“आणा ना, आणा,” म्हणत सरांनी पुस्तक घेतलं. एकशे पंधरा उघडेना. त्यांनी घडीत बोट घातलं, मग वाकून एका डोळ्याने आत पाहिलं. मागून कोणीतरी म्हणालं, “बिळात उंदीर दिसतोय का, सर?” सभागृह हसलं.

“ही ती प्रत नव्हे,” सर म्हणाले.

“पहिल्या पानावर सही कुणाची आहे?”

ग्रंथपाल अर्धे उठले. “बाई, पुरे आता. खाली बसा.”

तिने पिशवीतून सुरी काढली आणि टेबलावर ठेवली. “कापा. मग वाचा.”

तीनशे माणसं बघत होती. सरांनी सुरी घेतली. घाईत चालवली, पान तिरकं फाटलं. ते वाचू लागले:

“म्हातारा तासातासाला विचारायचा, बाई, मी आहे ना अजून? मी म्हणायचे, आहात. तो म्हणाला, आहे हो बाई, तुम्ही तुमचं काम करा.”

“ओळ गाळलीत,” तिसऱ्या रांगेतून आवाज आला. ताई उभी होती. “‘एकदा कामाच्या रगाड्यात मी उत्तर द्यायला विसरले.’ ती ओळ राहिली. तिच्याशिवाय म्हातारा असं बोलेलच कसा?”

कोणी हसलं नाही. ताई खुर्च्यांतून वाट काढत पुढे आली. तिने सरांच्या हातातून पुस्तक घेतलं, सुरी घेतली, आणि जन्मभर मलमपट्टीचं कापड कापलेल्या हाताने पुढची घडी सरळ सोडवली. “द्या इकडे. मीच वाचते.”

ती वाचत राहिली. घडी सोडवायची, वाचायची, पुन्हा सोडवायची. फर्मा संपला तेव्हा सभागृहातून एक म्हातारी म्हणाली, “थांबू नकोस गं, पुढचा काप.”

सर रिकाम्या हातांनी दाभणजवळ आले. चेहरा उतरला होता. “सगळ्यांसमोर करायलाच हवं होतं का हे?” ते हळू आवाजात म्हणाले. “चुकलं माझं. एकदा ‘असू दे’ म्हणा, बाई.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा माणूस होता. दोन शब्दांचं काम होतं आणि ते दोन शब्द तिच्याजवळ होते. सर वाट बघत होते.

तिने पिशवी खांद्याला लावली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, मागे न बघता, चालत बाहेर गेली.