कॅम्प चारमधली चपलांची रांग

शालनमावशीने परसराम शेठला गाळ्यात कोंडून त्याच्या नरड्याला कात्री लावली, ही बातमी आमच्या कॅम्प चार वस्तीत दुधाच्या पिशव्यांबरोबर घरोघर पोचली. दुपारपर्यंत कात्रीचा कोयता झाला. संध्याकाळी शेठ तिच्या पाया कसा पडला, ते टपरीवरचा इस्त्रीवाला करून दाखवत होता, तेही गरम इस्त्री हातात धरून.

खरं एवढंच, की कात्री होती. पण ती कधी नसते? धागा कापणाऱ्या बायकांच्या गळ्यात काळ्या दोरीला छोटी कात्री लोंबकळतच असते. आणि कोंडलं म्हणावं तर शटर सताड उघडं होतं. मावशी फक्त उंबऱ्यात जीन्सच्या गठ्ठ्यावर पाय लांब करून बसली होती. शेठला तिच्यावरून उडी मारता येईना.

ती तिथे जाऊन का बसली, ते सांगायला हवं.

शिवून झालेल्या जीन्सला जागोजागी दोऱ्यांची शेपटं राहतात. ती कापायची, झटकायची, घडी घालून परत द्यायची. हे काम गल्लीतल्या बायका घरी बसून करायच्या. सकाळी शेठ गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावायचा, गठ्ठ्यावर हात ठेवायचा आणि आरतीच्या चालीवर विचारायचा, "बोलो माताजी, कौन कितने में?" मग लिलाव सुरू, पण उलटा. एकीने पीसमागे भाव सांगितला की दुसरी त्याच्या खाली, तिसरी तिच्याही खाली. शेठला तोंड उघडायची गरजच नसे. बायकाच एकमेकींचा भाव पाडायच्या आणि तो मान डोलवत म्हणायचा, "मैं कुछ बोला? मार्केट है, साईं."

या लिलावात मावशी पटाईत. एका सकाळी तिने इतका खालचा भाव सांगितला की बनूबाई रिकाम्या हातानेच घरी निघून गेली. बनूबाई तिची शेजारीण, एकटीच राहणारी. दोघींच्या मध्ये एक पत्रा. मावशी गठ्ठ्याची दोरी सोडून कामाला बसली आणि थोड्या वेळाने तिचा हात थांबला. रोज तिच्या कच-कचला पत्र्यापलीकडून कच-कचची जोड असायची. आज पलीकडे काहीच नव्हतं. भांडंसुद्धा वाजत नव्हतं.

"बनूबाई, जेवलात का?" तिने पत्रा ठोठावला.

"झालं गं."

सकाळपासून पलीकडे शेगडी पेटल्याचं मावशीने ऐकलं नव्हतं. कापायला घेतलेली पँट मांडीवर तशीच राहिली. आज आपण बनूबाईला उपाशी ठेवलं, उद्या आपल्याला कोण ठेवेल, एवढंच तिच्या डोक्यात फिरायला लागलं.

दुपारी ती नवऱ्याचा डबा घेऊन रिक्षा स्टँडवर गेली. शंकरची शेअर रिक्षा लायनीत शेवटी उभी होती. एक घाईतला माणूस त्याच्याकडे आला. "खाली आहे ना? कमी घ्या, लगेच निघू."

"पुढे जा साहेब. पहिला नंबर त्याचा."

"अहो, तुमची बोहनी होईल."

"होईल ना. माझा नंबर आला की होईल."

माणूस पुटपुटत पुढे गेला. मावशी म्हणाली, "सकाळपासून धंदा नाही म्हणता आणि आलेलं गिऱ्हाईक घालवता?"

"आज मी लाईन तोडली तर उद्या तो तोडणार," शंकर घास चावत म्हणाला. "मग सगळेच कमी कमी करत फुकट फिरवायचे. पूर्वी तेच चालायचं. डोकी फुटली, तेव्हा लाईन लागली."

त्या रात्री मावशी गल्लीत घरोघर फिरली. दुसऱ्या सकाळी शेठने स्कूटर लावली, तर समोर बायका नव्हत्या. चपला होत्या. एकामागे एक, झिजलेल्या, शिवलेल्या, एक तर डावी-उजवी वेगळ्या रंगाची.

"ये क्या है? मंदिर है इधर?"

"नंबर आहे शेठ," मावशी ओट्यावरून म्हणाली. "पहिली चप्पल बनूबाईची. भाव सगळ्यांचा एकच."

"अरे माताजी, मेरेको भी ऊपर से रेट आता है. मोबाईल पे जीन्स बेचनेवाले हर हफ्ते रेट काटते हैं. मैं ना बोला तो बाजूवाला गाळा हां बोलता है. मैं किधर जाऊं?"

"मग तुम्ही गाळेवाल्यांनी पण लावा चपला."

शेठ हसला. पण गठ्ठे उतरवले नाहीत. ते शिरगावला गेले, तिथल्या बायका आणखी कमी भावात करतात म्हणून. गल्लीत सगळ्या कात्र्या गप्प झाल्या. कुणीतरी मावशीला ऐकवलं, "झाली तुझी लीडरगिरी?" मावशी सरकारी ऑफिसात जाऊन आली. तिथल्या साहेबांनी चष्मा पुसत विचारलं, "घरी बसून करता ना? मग तुम्ही कामगार कशा?" तिथून ती थेट गाळ्यावर गेली आणि शिरगावसाठी बांधलेल्या गठ्ठ्यावर बसली. तीच ती कोंडाकोंडी.

शेवटी शेठ म्हणाला, "आधा इधर, आधा शिरगाव. अब उठो, माताजी."

ती उठली. भाव टिकला, पण काम निम्म्यावर आलं. रांग पुढे सरकायला दोन-दोन दिवस लागायचे. "शिरगावच्या बायकांनी चपला लावल्या नाहीत, तर आपल्याही चपला काही कामाच्या नाहीत," मावशी म्हणायची आणि रविवारी तिकडे जायचं ठरवायची. कधी जायचीही, आणि रिकाम्या हाती परतायची.

मग शिरगावला गठ्ठे नेणारा टेम्पोवाला मागच्या गल्लीने यायला लागला. बनूबाईच्या मोरीच्या दारात त्याने एक गठ्ठा टाकला. जुना, पडलेला भाव, पण नंबर नाही, वाट बघणं नाही.

बनूबाईच्या पलीकडची खोली आमची. तिचा गॅस संपलाय, हे मला ठाऊक होतं. मी मावशीला म्हटलं, "घेणार ती. पैज?"

"नाही घेणार. हरलीस तर एका गठ्ठ्याचे धागे कापायचे, नखरे न करता."

"आणि तू हरलीस तर शेठचा आवाज काढून दाखवायचा, भर गल्लीत."

दुपारी आमच्या बाजूच्या पत्र्यापलीकडून आवाज आला. कच. कच-कच. मी धावत जाऊन मावशीला ओढून आणलं. तिचा चेहरा पडला होता. पैजेचं तिला काही नव्हतं.

दार लोटलं. बनूबाई जमिनीवर बसून आपली निळी साडी कापत होती, लांब लांब पट्ट्या. कुणाचीतरी गोधडी शिवायला घेतली होती, तिला काठ कमी पडला होता. मोरीच्या दाराशी गठ्ठा होता तसाच, दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. त्याच्यावर, आज जिचा नंबर होता त्या शेजारणीची चप्पल ठेवलेली.

"आज माझा नंबर नाही," बनूबाई म्हणाली. "टेम्पोवाला आला की त्याला परत द्या."

मावशी आत गेली. तिने पट्ट्यांचं दुसरं टोक धरलं. मग माझ्याकडे बघितलं, गळ्यातली कात्री दोरीसकट काढली आणि माझ्या गळ्यात घातली.