मेजरचा कवठी चाफा

आमच्या गल्लीत सगळ्या बायका देवाला फुलं घालायच्या. मेजर घालत नसत, आणि का घालत नाही हे कुणी न विचारताही सांगत. "आज घालायचं, उद्या निर्माल्य म्हणून पंचगंगेत टाकायचं. म्हंजी नदीत टाकायसाठी मी झाडाला पाणी घालतोय व्हय?" एवढं बोलून त्या समोरच्या बाईकडं अशा बघत, की ती बिचारी हातातली परडी पदराखाली घ्यायची.

मेजर म्हणजे बाईच. त्यांचे यजमान फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कसबा बावड्यात आमच्या शेजारी राहायला आले. त्या घरात हुकूम कुणाचा चालतो हे गल्लीला दोन दिवसांत कळलं आणि बढती बाईंना मिळाली. मी त्र्याण्णव साली लग्न होऊन नाशिकहून इथं आले. इकडच्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो' असं पुरुषासारखं बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं. मेजर पहिल्यांदा दारात येऊन "सूनबाई, मी बसतो जरा" म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या मागं कुणी गृहस्थ आहेत का ते बघितलं.

त्यांच्या घरापुढं दोन खाटा कशाबशा मावतील एवढी बाग होती. तिच्या मधोमध कवठी चाफा. हवालदारांनी आसामच्या बाजूला नोकरीत असताना डोंगरात याच कुळातलं मोठं झाड बघितलं होतं. थंडी सरली की पान फुटायच्या आधी नुसत्या फांद्यांवर फुलं. तसलंच झाड हवं म्हणून ते निवृत्त झाल्यावर रोपवाटिका हिंडले. शेवटी एका माळ्यानं सांगितलं, तो थोरला भाऊ तुमच्या उन्हात टिकायचा नाही, हा धाकटा न्या. हा कमरेएवढा वाढतो, छोट्या जागेत भागतं.

हा धाकटा भारी नखरेल. त्याला ऊन सोसत नाही, मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, आणि माती सुकली तर तो आठवडाभर तोंड पाडून बसतो. मेजरनी त्याच्यावर आहेरात आलेल्या साड्यांचा मांडव घातला होता. "कुणाच्या अंगावर शोभत न्हाईत, निदान सावली तरी देऊ द्यात." रोज सकाळी त्या झाडाला शिव्या घालत पाणी घालायच्या. तरी मार्चच्या शेवटी त्याला कळ्या यायच्या, अंड्यासारख्या गुबगुबीत, खाली मान घातलेल्या. फूल रात्री उमलायचं आणि पिकल्या कवठाचा वास आमच्या माजघरापर्यंत यायचा. ऊन चढलं की पाकळ्या गळून पडत, म्हणून फूल पहाटेच काढावं लागे.

माझ्या सासूबाई विधवा, सोवळंओवळं कडक पाळणाऱ्या. देवासाठी तोडलेलं फूल ही चोरी नव्हे, असं त्यांचं मत. पण भिंतीवरून वाकण्याएवढी त्यांची उंची नव्हती, म्हणून हे काम सुनेकडं आलं. पहिल्या दिवशी निभावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हात लांब केला आणि खिडकीतून आवाज आला.

"डावीकडचं नगं. ते आजून कळीच हाय, वास न्हाई त्याला. उजवीकडचं तोड, आणि घिऊन आत या, पावणं."

फूल हातात धरून मी आत गेले. हवालदार खाटेवर पडून होते. त्यांना लकवा झाल्याचं गल्लीला माहीत होतं. वाचा गेली होती, एक बाजूही गेली होती. मेजरनी माझ्या हातातलं फूल घेतलं आणि त्यांच्या नाकापुढं धरलं. त्यांनी डोळे मिटले, खोल श्वास घेतला, आणि मग तोंड उघडलं. मेजरनी चमच्यानं पेज भरवायला घेतली.

"फुलं हायत तवर ह्याच्याबिगर तोंड उघडत न्हाईत," त्या म्हणाल्या. "काल दुपारपातुर उपाशी हुतं माणूस."

"कालचं फूल मीच नेलं," मी म्हणाले. मला रडू येत होतं.

"म्हाईत हाय. म्हणून तर आज खिडकीत बसलो."

हे गल्लीत सांगत का नाही, म्हणजे कुणी फुलाला हात लावणार नाही, असं मी विचारलं. "सांगितलं तर बायका कीव करायला येतील," मेजर म्हणाल्या. "सगळ्यास्नी च्या करावा लागंल."

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या देवाला जास्वंद. ही गोष्ट सासूबाईंनी बाहेर कुणाला सांगितली नाही, हे मला आजही विशेष वाटतं, कारण बाकी त्यांच्या पोटात काही राहत नसे.

पुढं मेजरचा मुलगा कबनूरहून आला. तो तिथं यंत्रमागावर होता. वडिलांना मागच्या संडासापर्यंत नेणं अवघड, तेव्हा पुढच्या बागेत नवा बांधून टाकू, असं त्यानं ठरवलं. मुलाचं चूक नव्हतं. मेजरनी अर्धा दिवस विचार केला आणि संध्याकाळी सांगितलं, "माझ्या सैपाकघरात बांध. झाडाला हात लावू नगंस." तसंच झालं. त्यानंतर त्या व्हरांड्यात चूल मांडून भाकऱ्या थापायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पिठात धूळ उडेल म्हणून दम द्यायच्या.

हवालदार सात वर्षं असे होते. ते डिसेंबरात गेले. झाडावर तेव्हा कळी नव्हती. लोकांनी झेंडूचे हार आणले. मेजर भिंतीला टेकून बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. मला तेच सोसवेना.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला जाणार होतो. निघायच्या आठवड्यात मी आणि सासूबाई सकाळी डेअरीवर दुधाला गेलो. रांग होती. मेजर किटली घेऊन आल्या आणि आमच्या पुढं उभ्या राहिल्या. त्यांच्या अंबाड्यात कवठी चाफ्याचं फूल होतं. कपाळ मोकळं, आणि अंबाड्यात फूल. दूध घालणाऱ्या पोऱ्याचं माप वरच राहिलं.

सासूबाईंना राहवलं नाही. "मेजर, हे काय? हवालदारांना जाऊन अजून वर्ष झालं नाही."

मेजर वळल्या. "व्हय की," त्या म्हणाल्या. "सात वर्सं त्यांच्या नाकाफुडं धरलं. मला वास घ्यायला कवा सवड हुती?"

आता सासूबाई काहीतरी जहाल बोलतील म्हणून मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. त्यांनाही फूल माळून बावीस वर्षं झाली होती. त्यांनी एकदा मागं बघितलं, एकदा पुढं बघितलं आणि मेजरच्या अंबाड्याकडं नाक नेलं. पोचेना. मेजर गुडघ्यांत जरा वाकल्या आणि सासूबाईंचं वास घेणं होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.