तो शब्द तिसऱ्या गाण्यात होता

आमच्या संकुलाला युरोपातल्या एका शहराचं नाव आहे. त्या शहराला याची कल्पना नसावी. रिक्षावाल्याला ते नाव सांगून उपयोग नसतो. 'बाळकुम, पाण्याच्या टाकीशेजारी' म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. मुलानं इथे फ्लॅट घेतला, आम्हा दोघांना डोंबिवलीहून आणून ठेवलं आणि तो मेलबर्नला गेला. दोन वर्षांनी बायकोही गेली. माझ्याकडे तीन खोल्या, चार कपाटं पुस्तकं आणि रविवारी सकाळचा व्हिडिओ कॉल एवढं राहिलं.

कॉलवर सात वर्षांची नात असते. तिला मराठी येत नाही. बायको तिच्याशी बिनदिक्कत मराठीतच बोलायची आणि दोघींचं अर्धा अर्धा तास मजेत चालायचं. ते कसं, हे विचारायचं राहून गेलं. माझं इंग्रजी सरकारी फायलींतलं. त्यात मी कुणाकडूनही खुलासा मागवू शकतो, पण हलणाऱ्या दाताबद्दल चकार शब्द काढू शकत नाही. त्यामुळे मुलगा मध्ये बसून दुभाष्याचं काम करायचा.

"बाबा, ती विचारतेय, जेवलात का?"

"हो म्हणावं."

दोन देशांचे परराष्ट्रमंत्री याहून मोकळेपणानं बोलत असतील. मला तिच्याशी मधल्या माणसाशिवाय बोलायचं होतं. एकदा तरी.

म्हणून क्लबहाउसात ज्येष्ठांसाठी निघालेल्या 'गाण्यांतून इंग्रजी' या वर्गात नाव घातलं. उद्घाटनाला दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि मातृभाषेचं महत्त्व सांगणारं अध्यक्षीय भाषण झालं. वेळ संपल्यामुळे गाणं झालं नाही. पुढच्या आठवड्यापासून मात्र शिकवणारी मुलगी लॅपटॉपवर गाणं लावायची आणि आम्ही आठ-दहा जण ते देवनागरीत उतरवून घ्यायचो.

"काका, पाठ नका करू, नुसतं ऐका," ती म्हणायची.

"पाठ न करता आजवर कुणाला काय आलंय गं?" माझ्या शेजारचे निवृत्त मास्तर म्हणायचे. मला मास्तरांचं पटलं. घरात दुसरं कुणी नसल्यामुळे व्यत्ययही नव्हता. ओट्याशी उभं राहून, कुकरच्या शिट्ट्या मोजत, मी पाच गाणी अर्थासकट घोटली.

इंग्रजी गाण्यांत हृदय आहे, डोळे आहेत, खांदा तर वारंवार आहे. गुडघा नाही. हे माझ्या लक्षात आलं त्या रविवारी नात सायकलवरून पडली होती. मुलगा चहा आणायला उठला आणि तिनं पट्टी लावलेला गुडघा कॅमेऱ्यापुढे धरला. मध्ये कुणी नव्हतं. दुखतंय का, एवढंच विचारायचं होतं. 'हर्ट' हा शब्द मला येत होता. तो तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात होता.

आमच्या शाळेत गुरुजींनी 'सात आठे?' विचारलं की आम्ही मनातल्या मनात सात एके सातपासून निघायचो. शब्दही मी तसेच शिकलो होतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत जायचं तर पहिल्या ओळीपासूनच निघावं लागायचं, आणि वाटेत ध्रुवपद दोनदा. मी ओठांतल्या ओठांत गुणगुणत भराभर निघालो. पोचलो तेव्हा पडद्यावर फक्त खुर्ची होती.

"हर्ट?" मी खुर्चीला विचारलं.

मुलगा कप घेऊन परत आला. "बाबा, काय दुखतंय?"

"काही नाही."

पुढच्या रविवारी पुन्हा माझं गुणगुणणं सुरू झालं, तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आवाज नीट येत नाहीये."

"वेट, डॅड," नात म्हणाली. "आजोबा इज लोडिंग."

तो ओशाळला. मला मात्र वर्गाच्या छापील प्रमाणपत्रापेक्षा हा शेरा अधिक खरा वाटला. तेव्हापासून ती थांबायला लागली. दोन्ही मुठी हनुवटीखाली घेऊन, पडद्यावरचं चक्र फिरताना बघावं तशी माझ्याकडे बघत राहायची. एका रविवारी आमची तीन वाक्यं झाली. त्यातलं एक दाताबद्दल होतं.

गेल्या रविवारी तिला घर बघायचं होतं. मी फोन हातात धरून तिन्ही खोल्यांतून फिरलो. आजीची खुर्ची दाखवली, कपाटं दाखवली, बाल्कनीतून समोरचा टॉवर दाखवला. परत येऊन बसलो, तेव्हा तिनं विचारलं, "आजोबा, आर यू लोनली?"

"अगं, असं..." मुलगा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "बाबा, ती विचारतेय, की..." आणि तिथेच अडकला.

"कळलं," मी म्हणालो. तो शब्द पाचही गाण्यांत होता.

नातीनं मुठी हनुवटीखाली घेतल्या.

"नो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. इतक्या चटकन मी तिला कधीच उत्तर दिलं नव्हतं.

"यू डिडन्ट लोड," ती म्हणाली.

मुलगा रिकामा कप उचलून आत गेला. ती तशीच बसून राहिली. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीपासून निघालो.