बॉनेटवरचा हात

शेवाळेकाका जुनी गाडी बघायला गेले की रंग बघायचे नाहीत, टायर बघायचे नाहीत, मालकाने पुढे केलेल्या चहाकडे तर मुळीच बघायचे नाहीत. सरळ जायचे आणि बॉनेटवर तळहात ठेवायचे. हाताला ऊब लागली की नाक मुरडायचे, खिशातून रुमाल काढून तळहात खसाखसा पुसायचे आणि म्हणायचे, "गरम शे. चला." मूळचे सटाण्याकडचे. सगळी नोकरी एकलहऱ्याला वीजकेंद्रात झाली, घर इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर, बोलणं आमच्यासारखंच. पण किळस आली की अहिराणीतच यायची.

"अगं सुनीता, जुन्या गाडीचं खरं दुखणं सकाळी पहिल्यांदा चालू करतानाच दिसतं," ते मला सांगायचे. "एकदा तापली की सगळं झाकलं जातं. म्हणून हे हरामखोर गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी फिरवून आणतात आणि वर साळसूद तोंड करून उभे राहतात. थंड गाडी खोटं बोलत नाही. गरम गाडी नुसती गोड बोलते."

माझी गाडी त्यांनीच घेऊन दिली. पहिल्यांदा गेलो तेव्हा विकणारा म्हणाला, "आत्ताच धुवून आणली, साहेब." काकांनी हात पुसला आणि मला ओढतच बाहेर आणलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या वेळेला आम्ही न सांगता त्याच्या दारात हजर! डिसेंबरची नाशिकची थंडी, त्या माणसाच्या अंगावर शाल, आणि गाडी नुसती ठसकतेय. कशीबशी चालू झाली तर थरथर कापत मिसिंग मारायला, म्हणजे मध्येच ठोका चुकवायला लागली. काकांनी पक्कड घेऊन प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या आणि लावल्या. पहिली काढली, इंजिन आणखी मंदावलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली तर आवाजात काडीचा फरक नाही.

"हा बघ. ज्याला काढल्यानं काहीच बिघडत नाही, तोच बसून खाणारा," काका म्हणाले. "माणसांतही असतात असे. पण माणसांच्या वायरी काढता येत नाहीत."

ती गाडी आम्ही सोडली. पुढे एक थंड आणि खरी गाडी मिळाली, ती मी अजून चालवते. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की सगळे म्हणायचे, आधी शेवाळेकाकांना घेऊन जा. काका चहासुद्धा घ्यायचे नाहीत. फसवणाऱ्यांची त्यांना इतकी शिसारी यायची की मला वाटायचं, या माणसाच्या अंगात खोटं उतरणारच नाही. वाटायचं म्हणजे काय, मी चारचौघांत सांगत फिरायची!

त्यांची स्वतःचीही एक जुनी गाडी होती. ती उभी असायची माझ्या खिडकीखाली, त्यामुळे तिचं पहाटेचं खोकणं आमच्या घरातलंच झालं होतं. शेवटच्या दोन हिवाळ्यांत ते वाढलं. चालू व्हायला त्रास, मग थरथर, मागून पांढरा धूर, आणि थोड्या वेळाने सगळं शांत. एका सकाळी काकांनी मला खाली बोलावून प्लग काढून दाखवले. तीन काळपट आणि एक अगदी धुतल्यासारखा स्वच्छ.

"गॅस्केट गेलंय," ते म्हणाले. "रात्रभर पाणी झिरपून या एका सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी तो पेट घेत नाही. तापला की वाळतो आणि चालायला लागतो. रेडिएटरचं पाणी कमी होतंय, पण जमिनीवर एक थेंब नाही. मग जातं कुठं? आतच. आज ना उद्या रस्त्यात दगा देणार ही."

नीट ऐकलं होतं मी. माझ्या कानात ते सगळं तसंच आहे.

मग सुरगाण्याकडचा काशिनाथ आला. त्याच्या आईला डायलिसिससाठी नाशिकला आणावं लागायचं. पहाटे अंधारात निघायचं, जीपची वाट बघायची, जीपमध्ये कोंबून बसायचं, आणि त्या म्हातारीला घाटात उलट्या. म्हणून त्याला जुनी गाडी घ्यायची होती. कुणीतरी काकांचं नाव सांगितलं. तो आला होता काकांना गाडी बघायला बरोबर चला म्हणायला. आणि काकांनी त्याला सांगितलं, "बाहेर कशाला हिंडतोस? माझीच घे."

हे मला ठाऊक नव्हतं. मी दळण घेऊन परत येत होते. बघते तर काका, काशिनाथ आणि गाडी. गाडी चकाचक पुसलेली. काकांनी चावी फिरवली आणि ती एका फटक्यात चालू झाली. थरथर नाही, धूर नाही. मी दळणाचा डबा खाली ठेवला आणि जाऊन बॉनेटवर हात ठेवला.

तव्यासारखं तापलं होतं.

"काका, गाडी गरम आहे," मी म्हणाले.

"आत्ताच धुवून आणली," काका म्हणाले.

शी! तेच शब्द! मी काशिनाथला म्हटलं, "दादा, आज घेऊ नका. उद्या पहाटे न सांगता या, गाडी थंड असताना. आईला घेऊन घाटात अडकाल हो."

काका माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "बायामाणसांना काय कळतं गाडीतलं? तू लक्ष देऊ नको."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मग मी काहीच शिल्लक ठेवलं नाही. धुतलेला प्लग, झिरपणारं पाणी, पांढरा धूर, सगळं त्यांच्याच शब्दांत सांगितलं. काशिनाथ ओरडला नाही. तो काकांना एवढंच म्हणाला, "काका, तुमची गाडी म्हनून मी हात लावून नाय पाह्यला. लोकं म्हनली, त्यांनी दिली तं डोळे मिटून घे." आणि पायरीवर ठेवलेली आपली पिशवी उचलून निघून गेला.

"सगळेच असं विकतात," काका मला म्हणाले. "मी एकट्यानं काय ठेका घेतलाय?"

माझा हात आपोआप ओढणीकडे गेला आणि मी तळहात पुसला, खसाखसा, अगदी त्यांच्यासारखा. ते त्यांनी पाहिलं. त्यांचं तोंड एकदम एवढंसं झालं. पण मला त्यांची कीव आली नाही, खोटं कशाला सांगू? त्या म्हातारीला त्यांनी पहाटेच्या घाटात सोडलं असतं आणि स्वतः वर गॅलरीत चहा पीत बसले असते.

दुसऱ्या आठवड्यात काशिनाथबरोबर मीच गेले. पहाटे, न सांगता. मिळाली त्याला एक बरी गाडी.

त्यानंतर काकांना कुणी गाडी बघायला बोलावलं नाही. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. काशिनाथने सांगितलं असेल, आणि बरंच केलं. पावसाळ्याआधी काका मुलाकडे पुण्याला कायमचे राहायला गेले. टेम्पो भरून झाल्यावर ते माझ्या दारात आले. दर दिवाळीला मी त्यांच्या पाया पडायची. त्या दिवशी मी दाराची कडी धरून उभी राहिले.

"गाडी भंगारात दिली," ते म्हणाले. "भंगारवाल्याला पहाटेच बोलावलं होतं. थंड होती. त्याला सांगितलं, हात लावून बघ."

भंगारवाल्याला गरम काय आणि थंड काय! तो तर लोखंड वजनावर नेतो. मला हसूही येईना आणि रडूही. "बरं," एवढंच म्हणाले मी. ते जिना उतरले.

आता लोक मला बोलावतात. मी चहा घेत नाही, रंग बघत नाही, सरळ जाऊन बॉनेटवर हात ठेवते. ऊब लागली की तळहात पुसते. आणि माझ्या सात पिढ्यांत कुणाला अहिराणी येत नसताना माझ्या तोंडून निघतं, "गरम शे. चला." दर वेळी मला त्या शब्दांची किळस येते. पण दुसरे शब्द मला कुणी शिकवलेच नाहीत.